पाणमांजराचा व्हॉल्व्ह

माझ्या आईला दर शनिवारी संध्याकाळी पाणमांजर होता येतं. हे वाक्य मी हॉस्पिटलातल्या एका बाईंना फोनवर सांगितलं आणि तिथून सगळं बिघडलं. वाक्य खरं होतं. शिवाय त्याचा खुलासा करणारं पुढचं वाक्यही मी तयार ठेवलं होतं, पण ते त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

मुळात माझा बेत अगदी छोटा होता. आईच्या हृदयाचा एक व्हॉल्व्ह थकला होता. जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबायची आणि खिडकीतून काहीतरी बघत असल्याचा आव आणायची. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी सोडून काही दिसत नाही. सर्जननी स्वच्छ सांगितलं होतं, की व्हॉल्व्ह बदलायला हवा, लवकर बदलायला हवा, आणि या वयात धातूचा नको, प्राण्याचा बसवू, बहुतेक डुकराचा. आईने सगळं शांतपणे ऐकलं, छान समजावून सांगितलंत म्हणून त्यांचे आभार मानले, आणि तारखेचं विचारल्यावर "बघू" म्हणाली. आमच्या घरात आईचं "बघू" म्हणजे विषय संपला. वडिलांनी स्कूटर घ्यायची ठरवली तेव्हाही ती "बघू" म्हणाली होती, आणि ते शेवटपर्यंत सायकलवर फिरले.

आता शनिवारचा खेळ. हा नाद घरात आणला आमच्या मुलीने. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कोणी चोर, कोणी योद्धा, आणि एकाने मास्तर होऊन समोर काय घडतंय ते सांगायचं. जमलं की फसलं हे फासे ठरवतात आणि फाशांच्या वर एक जाडजूड नियमांचं पुस्तक असतं. मुलीने सगळ्यांना चटक लावली आणि स्वतः नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघून गेली. मागे राहिलं ते पुस्तक, फाशांची पिशवी आणि पाच नादावलेली वडीलधारी माणसं. त्यात माझी बायको, जी एरवी दूधवाल्याशीही हळू आवाजात बोलते, ती दोन हातांनी पेलायची कुऱ्हाड घेऊन फिरते. समोरच्या दारातले वकीलकाका उभा जन्म कोर्टात घालवून आता चोर झालेत. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे जनावरांच्या डॉक्टर, तिथेही वैदूच आहेत. आणि शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली माझी आई रूप बदलणारी आहे. तिला हवा तो प्राणी होता येतं, पण ती पाणमांजरच होते. पाण्यात उतरताना त्याला कुणाची परवानगी लागत नाही, असं तिचं म्हणणं.

मास्तर मी. मी बांधकाम खात्याच्या नियम विभागात आहे. एखाद्याने गॅलरीला काच लावली तर ती खोली धरायची की गॅलरीच, असले प्रश्न माझ्याकडे येतात आणि मी त्यांची स्पष्टीकरणं काढतो. माझ्या स्पष्टीकरणांवर पुन्हा स्पष्टीकरणं मागवली जातात, हे मी प्रतिष्ठेचं लक्षण समजतो. तेव्हा मास्तरकी माझ्याकडे येणं ओघानेच आलं.

तर माझा बेत असा होता. खेळात आईच्या सोंगाला विषारी बाण लावायचा, हृदय दुबळं करायचं, आणि मग दलदलीतल्या एका म्हातारीकडून तिला एक जिवंत गाठ बसवून द्यायची. पुस्तकात अशा जैविक रोपणांचं स्वतंत्र प्रकरणच आहे. ही गाठ एका थोराड बेडकाच्या छातीतली. ती बसली की आईचं सोंग टुणटुणीत होणार, आईला वाटणार की अरे, हे तर सोपं आहे, आणि रविवारी सकाळी ती स्वतःच म्हणणार की घे तारीख. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, त्यांनी चाळीस पोरांच्या वर्गात कॉपी पकडलेली आहे. तुमचं कळणार नाही त्यांना?" मी म्हटलं, कळलं तरी पटेल. तिने तेवढ्यात हॉस्पिटलात फोन करून एक तारीख अडवून ठेवली. माझ्यापेक्षा तिचा भरवसा फोनवर जास्त.

शनिवारी बाण लागला. गाठ बसली. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. डॉक्टरीणबाईंनी टाके घातले, वकीलकाकांनी म्हातारीच्या झोपडीतून एक चमचा चोरला, आणि आई पाठ ताठ करून बसली. मग तिने चष्मा पुसला आणि विचारलं, "आता मी पाणमांजर झाले, तर या गाठीचं काय होतं?"

मी म्हटलं, काय होणार, असते आत. आई म्हणाली, पुस्तक काढ.

पुस्तक काढलं तिथेच मी फसलो. रूप बदलण्याच्या प्रकरणात लिहिलंय, की अंगावरचं सामान नव्या रूपात विरून जातं आणि परत माणूस होईपर्यंत निकामी राहतं. ठीक. पण रोपणांच्या प्रकरणात म्हटलंय, की रोपणाला सामान समजू नये, ते शरीराचाच भाग. तेही ठीक. मग पुन्हा मागे जावं तर तिथे म्हटलंय, की नव्या रूपात मूळ शरीराचे अवयव वापरता येत नाहीत, त्या प्राण्याचे असतील तेच. म्हणजे सामान धरलं तर गाठ बंद आणि अवयव धरला तरी बंद. हे तरी बरं होतं. पण वकीलकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि रोपणांच्या प्रकरणाच्या तळाशी बारीक अक्षरातलं एक कलम वाचून दाखवलं. धारकाचं शरीर धारकाचं राहिलं नाही, तर रोपण गळून पडतं. हे कलम मेलेल्यांसाठी असणार, हे कुणालाही कळेल. वकीलकाकांना ते कळूनही त्यांचा मुद्दा वेगळाच होता. पाणमांजराचं शरीर हे वहिनींचं शरीर नव्हे, तेव्हा रूप बदलताक्षणी गाठ जमिनीवर पडेल.

"पडेल म्हणजे?" आईने विचारलं.

"टपकन," वकीलकाका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना हे पटलं नाही. त्यांच्या मते पडायचा प्रश्न नाही, प्रश्न आकाराचा आहे. पाणमांजराची छाती ती केवढी, त्यात बेडकाची गाठ माणसाच्या मापाची, ती मावायची कशी. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं, की डुकराचं मात्र तसं नाही, डुक्कर फार हुशार आणि स्वच्छ प्राणी, त्याचं माणसाशी चांगलं जुळतं. डुकराचा विषय कुणीच काढला नव्हता. सगळे एकदम चहाच्या कपात बघायला लागले.

आईने फासे गोळा करून पिशवीत भरले. "हे आधी ठरू दे," ती म्हणाली. "मग मी तारखेचं सांगते. दोन्ही तारखांचं, पुढच्या खेळाच्याही आणि हॉस्पिटलच्याही." म्हणजे तिला सगळं पहिल्यापासून कळलं होतं. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही, हा तिचा चांगुलपणा.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. एखाद्याच्या गॅलरीचा निर्णय लांबला तर फार तर तो मला शिव्या घालतो. इथे आई मधल्या वळणावरच्या खिडकीत जास्त जास्त वेळ उभी राहायला लागली होती. मी पुस्तकाच्या प्रकाशकांना सविस्तर पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं, की अशा शंकांवर आम्ही मत देत नाही, आपल्या मास्तरांचा निर्णय अंतिम मानावा. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मास्तर तू आहेस. तूच ठरव ना." माझ्या नोकरीत मी शेकडो अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी परत पाठवलेत. स्वतःचा अर्ज फिरून स्वतःच्याच टेबलावर येतो तेव्हा कसं वाटतं, ते मला पहिल्यांदाच कळलं.

तरी मी हातपाय गाळले नाहीत. ऑफिसच्या पद्धतीने मी एक मसुदा केला. त्यात मी गाठीला अधिकृत वाढीव बांधकाम मानलं. मूळ इमारतीचा वापर बदलला तरी मंजूर वाढीव बांधकाम पाडलं जात नाही, त्याचा वापर मात्र तात्पुरता स्थगित राहतो. मला स्वतःला हे फार आवडलं होतं. आईने नाश्ता करता करता ते वाचलं. "म्हणजे मी गॅलरी," ती म्हणाली आणि कागद घडी करून बशीखाली ठेवला.

मग मला वाटलं, आपण खेळातल्या गाठीचं शोधतोय, पण खऱ्या व्हॉल्व्हचं ज्यांना कळतं त्यांना का विचारू नये. सर्जननी नुसतं एवढं म्हणावं की व्हॉल्व्ह पडत नसतो, की झालं. म्हणून मी हॉस्पिटलात फोन केला. सर्जन भेटले नाहीत, त्यांच्याकडे रुग्णांची सोय बघणाऱ्या एक बाई भेटल्या. मी अदबीने म्हटलं, की माझ्या आईची एक शंका आहे. ती पाणमांजर झाली तर व्हॉल्व्ह आत राहील ना? बाईंनी फार मऊ आवाजात विचारलं, की त्या वरचेवर होतात का. मी म्हटलं, नाही नाही, फक्त दर शनिवारी संध्याकाळी होता येतं तिला. त्या म्हणाल्या, बरं, आणि मी खुलाशाला तोंड उघडेपर्यंत फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचा निरोप आला. रुग्ण स्वतःच्या बुद्धीने होकार देऊ शकतो की नाही, याबद्दल मानसोपचारतज्ज्ञांचं मत येईपर्यंत ऑपरेशनची तारीख थांबवण्यात येत आहे. मत अनुकूल आलं आणि सोमवारी सकाळपर्यंत होकार कळवला तरच ती तारीख राहील, नाहीतर सर्जन परदेशी जाणार आणि पुढची तारीख ते आल्यावर. म्हणजे आतापर्यंत नुसती आई तयार नव्हती, आता हॉस्पिटलही तयार नव्हतं. हे सगळं मी एका फोनमध्ये साधलं होतं. बायको म्हणाली, तुम्ही आता काही करू नका, नुसते बसा. मी बसलो, पण छातीत इतकं धडधडायला लागलं की व्हॉल्व्ह आपलाही बघून घ्यावा असं वाटलं.

मानसोपचारतज्ज्ञ तरुण होते आणि त्यांच्या खोलीत एक सुकलेलं झाड होतं. आईला आत घेताना त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे मला ऐकू येत होतं. मी कान लावला होता असं बायको म्हणते, पण कान तिथे आपोआपच लागत होता. त्यांनी आईला विचारलं, आजी, तुम्हाला कधी आपण प्राणी झालोय असं वाटतं का. आई म्हणाली, वाटत नाही, होते. मग त्यांनी विचारलं, कोण ठरवतं तुम्ही कधी व्हायचं ते. "माझा मुलगा," आई म्हणाली. "त्याने हो म्हटल्याशिवाय मला होता येत नाही. तो आधी पुस्तकात बघतो."

आईला बाहेर बसवून त्यांनी मला आत बोलावलं.

पुढचा सगळा वेळ त्यांनी माझ्याशी घालवला. पुस्तक दाखवा म्हणाले, ते मी पिशवीतून काढून दिलं. मी ते बरोबर घेऊन हिंडतो याची त्यांनी नोंद घेतलेली मला दिसली. मी त्यांना चारही कलमं समजावून सांगितली, गॅलरीचाही दाखला दिला, आणि आईची शंका किती रास्त आहे हे पटवताना माझा आवाज जरा चढला असेल. त्यांनी मला पाणी दिलं. शेवटी म्हणाले, आईंची बुद्धी अगदी तल्लख आहे, खेळ तो खेळ हे त्यांना पूर्ण कळतं, तसं मी आजच कळवतो. मी सुटकेचा श्वास सोडला. तेव्हा त्यांनी मला चार आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा व्यायाम शिकवला आणि म्हणाले, की तुम्ही पुन्हा येऊन जा. बाहेर आल्यावर आईने विचारलं, काय म्हणाले. मी म्हटलं, तू पास. "आणि तू?" तिने विचारलं. मी रिक्षा बघायला गेलो.

तो शनिवार आला. सोमवारच्या आधीचा शेवटचा. मी दोन दिवस खपून नवा मसुदा केला होता. त्यात गॅलरी नव्हती. व्याख्या होत्या, अपवाद होते, आणि वकीलकाकांच्या कलमाला खोडून काढणारा एक परिच्छेद होता. सगळे जमले. डॉक्टरीणबाईंनी बिस्किटं आणली होती, ती कुणी घेतली नाहीत. खेळात आम्ही नदीकाठी होतो, मागून शत्रू येत होते आणि पलीकडे जायला पूल नव्हता. आईच्या सोंगाने पाण्यात उतरायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

मी मसुदा वाचायला घेतला. दुसऱ्या व्याख्येत वकीलकाकांनी हात वर केला. मी त्यांना उत्तर दिलं. मग त्यांनी त्यावर पुन्हा विचारलं आणि आम्ही दोघं रंगात आलो. एरवी हे बरंच चाललं असतं. आईने टेबलावर हात ठेवला. वर्गात गोंगाट झाला की ती असाच ठेवायची.

"अरे, मी नियम नाही विचारला," ती म्हणाली. "नियम मला वाचता येतो. दुसऱ्या जिवाचा तुकडा आत बसवून मी गेले तिकडे, तर परत येताना मीच येईन का, एवढं विचारलं मी. तुला काय वाटतं ते सांग. कागद ठेव खाली."

कागद मी खाली ठेवला. हातात कागद नसताना माझं काही मत असतं, असा प्रसंग माझ्यावर फारसा आलेला नाही. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, आई, मला माहीत नाही. मला फार भीती वाटते. तू खिडकीत थांबतेस तेव्हा मी खाली चपला घालायचं निमित्त करून उभा असतो.

आईने माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "मग आधीच नाही का सांगायचं," ती म्हणाली. "मला वाटलं, या घरात मला एकटीलाच वाटते. तू आपला बेडकाच्या गाठी बसवत सुटलास." तिचा आवाज जरा कापला आणि तिने तो बिस्किटाने आवरला.

मग तिने फासा उचलला आणि विचारलं, "टाकू? उतरते मी पाण्यात. जमलं तर परत येईन."

मी मास्तर झाल्यापासून एकही गोष्ट फाशाशिवाय होऊ दिलेली नाही. कडी उघडायची तरी फासा टाका, असा माझा लौकिक. मी हात पुढे करून तिच्या मुठीतला फासा काढून घेतला. म्हटलं, यात फासा नाही. तू उतरतेस, गाठ तुझ्याबरोबर येते, आणि तू परत येतेस. तूच येतेस.

"कोणत्या कलमाखाली?" वकीलकाकांनी विचारलं. ते मुद्दाम नाही विचारत, त्यांच्या तोंडून ते आपोआप येतं.

"माझ्या," मी म्हटलं. इतका बिनबुडाचा निर्णय मी नोकरीत दिला असता तर चौकशी लागली असती, आणि लागायलाच हवी होती. बायकोने आपल्या सोंगाची कुऱ्हाड वकीलकाकांच्या चोराच्या मानेवर ठेवत असल्याचं जाहीर केलं. चोराने माघार घेतली. आई पाणमांजर झाली, नदी पार करून गेली, पलीकडे माणूस झाली आणि म्हणाली, पाणी गार होतं. मग मला म्हणाली, सोमवारची वाट कशाला बघायची, उद्याच फोन कर त्यांना. आणि तू नको करूस, हिला करू दे.

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी चार मोजत श्वास घेत होतो आणि सहा मोजत सोडत होतो. सहापर्यंत कधी पोहोचलोच नाही. वकीलकाका शेजारी बसले होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, की ते कलम मेलेल्यांसाठीच आहे, त्यांनी ते पुन्हा नीट वाचलं आहे, आणि त्या दिवशी ते उगाच बोलले. मी म्हटलं, असू द्या. डॉक्टरीणबाई सकाळपासून बाहेरच्या दुकानदाराला डुकराविषयी चांगलं सांगत होत्या. सर्जन बाहेर येऊन व्यवस्थित झालं म्हणाले, तेव्हा बायको रडली, आणि मी त्यांना विचारलं की व्यवस्थित म्हणजे नक्की काय.

आई शुद्धीवर आल्यावर एकेकाला आत सोडत होते. ती केवढीशी दिसत होती. नळ्या, पट्ट्या आणि डोक्यापाशी टिकटिक करणारं एक यंत्र. मी पलंगाच्या कडेला उभा राहिलो. तिने डोळे किलकिले केले, मला ओळखलं आणि ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"खाली बघ," ती म्हणाली. "काही पडलंय का?"

मी गुडघ्यांवर बसलो आणि पलंगाखाली वाकून बघितलं. नुसतं बघितल्यासारखं केलं नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितलं. तिथे चाकं होती, एक वायर होती आणि आधीच्या कुणाची तरी राहिलेली एक चप्पल. मी खालूनच सांगितलं, "काही नाही पडलेलं, आई. सगळं आत आहे."

"बरं," वरून आवाज आला. "मग मीच आहे."

नर्सने येऊन विचारलं, की यांचं काय हरवलंय. आई म्हणाली, काही नाही, त्याला सगळं तपासून बघायची सवय आहे. मी अजून थोडा वेळ खालीच थांबलो, कारण डोळे पुसायला त्या खोलीत दुसरी जागा नव्हती.